अंडं ठेवा, बटर मोजा

ताई, नमस्कार. मी डोंबिवलीला राहतो, वय ४४. आठवडाभर लोकलचे धक्के खाल्ल्यावर रविवारी सकाळी स्वयंपाकघराचा ताबा माझ्याकडे असतो आणि मी फ्रेंच टोस्ट करतो. मला तेवढं एकच येतं, पण घरात सगळ्यांना आवडतं. आठ स्लाइस, चार अंडी, कपभर मलईचं दूध, पाव कप साखर, भाजायला बटर, वर मध. गेल्या महिन्यात माझे ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, २१२ आले. डॉक्टर म्हणाले, गोड, मैदा आणि तेलकट कमी करा, तीन महिन्यांनी पुन्हा बघू. बायकोनं त्याच दिवशी फ्रेंच टोस्टवर बंदी घातली. मी तहाची बोलणी करून हलका प्रकार करून बघितला: अंड्यांचा फक्त पांढरा भाग, स्किम्ड दूध, ब्राउन ब्रेड, साखर नाही, बटर नाही. अर्धा तव्याला चिकटला, उरलेला चिवट झाला. मुलांनी एक घास खाऊन त्यावर इतका जॅम ओतला की सगळं मुसळ केरात. यातून मार्ग आहे का? आई अंडं खात नाही, तिच्यासाठी काय करू? बहिणीनं टोरांटोहून मेपल सिरपची बाटली आणली आहे, ते मधापेक्षा बरं का? आणि एअर फ्रायर घ्यावा का?
— रविवारचा आचारी, डोंबिवली

आचारीबुवा, नमस्कार.

बंदी उठेल, पण आधी तुमचा जुना हिशेब मांडू या. बटर किती, ते तुम्ही लिहिलं नाहीत. दोन्ही बाजूंना बटर सोडत आठ स्लाइस भाजल्या तर शंभर ग्रॅमची वडी सहज संपते, आणि ‘भाजायला बटर’ असं मोघम लिहिणाऱ्या माणसाची तर नक्कीच संपते. मध प्रत्येक स्लाइसवर एक मोठा चमचा धरते. मग त्या नाश्त्यात ब्रेडच्या ६०० कॅलरी, अंड्यांच्या २८०, दुधाच्या साधारण २१०, साखरेच्या २००, बटरच्या ७२० आणि मधाच्या ५००. बेरीज अडीच हजार. चार माणसांत वाटली तर माणशी सव्वासहाशे.

आता हीच यादी उलटीकडून वाचा. बटर, मध आणि साखर मिळून चौदाशेच्या वर जातात, म्हणजे निम्म्याहून जास्त. चारही अंडी मिळून २८०. तुम्ही बलक फेकून दिलेत, त्यात वाचल्या जेमतेम सव्वादोनशे. स्किम्ड दुधानं आणखी शंभर-सव्वाशे. साखर आणि बटरला हात घातलात ते योग्यच, पण ती दोन्ही मुळासकट उपटलीत. परिणाम असा की खाण्याजोगं काही उरलं नाही आणि जॅमची बरणी उघडली गेली. मुलांना दोष देऊ नका. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

तेव्हा माझं म्हणणं एका ओळीत असं: अंडं पूर्ण ठेवा, दुधाची फार चिंता करू नका, आणि सगळी काटकसर तव्यावर आणि ताटात करा.

बलकाबद्दल थोडं थांबून सांगते, कारण ही भीती घरोघरी आहे. तुमच्या डॉक्टरांनी नाव घेतलं ते गोडाचं, मैद्याचं आणि तेलकटाचं. अंड्याचं घेतलं नाही. ट्रायग्लिसराइड्स आणि कोलेस्टेरॉल रिपोर्टवर खाली-वर छापलेले असतात म्हणून आपण त्यांना एकच समजतो. ट्रायग्लिसराइड्स वाढण्यात साखरेचा, मैद्याचा, दारूचा आणि वाढलेल्या वजनाचा हात मोठा असतो. बलकात कोलेस्टेरॉल असतं, एकात साधारण १८५ मिलिग्रॅम, हे खरं. पण बहुतेकांच्या रक्तातल्या कोलेस्टेरॉलवर खाण्यातल्या कोलेस्टेरॉलचा परिणाम आपण समजत होतो त्यापेक्षा कमी होतो. म्हणून तर अमेरिकेच्या आहार-मार्गदर्शक तत्त्वांमधून रोजच्या ३०० मिलिग्रॅमची मर्यादा २०१५-२०च्या आवृत्तीत काढून टाकली. एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात तेही चढलेलं असेल, किंवा डॉक्टरांनी अंड्यांचा वेगळा आकडा सांगितला असेल, तर अर्थातच त्यांचंच ऐका. नाहीतर रविवारी वाट्याला येणाऱ्या एका बलकासाठी घरात तह-करार करायची गरज नाही. बी १२, ड जीवनसत्त्व आणि अंड्याची चव, तिन्ही त्या पिवळ्या भागातच आहेत.

साखरेचं मात्र मनावर घ्या. तुमच्या जुन्या पद्धतीत प्रत्येकाच्या ताटात मिश्रणातली बारा ग्रॅम आणि मधातली तीसेक ग्रॅम, अशी पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास साखर जात होती. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५मध्ये सांगितलेली मर्यादा अशी: वरून घातलेली साखर दिवसभराच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, आणि शक्य असेल तर पाच टक्क्यांच्या आत, म्हणजे साधारण २५ ग्रॅम, सहा छोटे चमचे. तुमचा दिवसाचा कोटा चहा व्हायच्या आधीच संपत होता.

आता टोस्ट का बिघडला, ते बघू. अंड्याच्या पांढऱ्या भागात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी आणि उरलेलं बहुतेक प्रथिन. त्यात स्निग्धांश जवळजवळ नाहीच. तापल्यावर ते प्रथिन आवळत जातं, पाणी बाहेर टाकतं आणि चिवट होतं. बलकातला स्निग्धांश हे आवळणं सैल ठेवतो, म्हणून पूर्ण अंड्याचा टोस्ट मऊ राहतो. शिवाय तव्यावर काहीच न लावता अंडं टाकलं की ते धातूला घट्ट धरून बसतं. निर्लेप तवा नवा असेपर्यंत ऐकतो, जुना झाला की तोही नाही. म्हणजे ज्या दोन गोष्टींनी टोस्ट सुटा आणि मऊ झाला असता, त्या दोन्ही तुम्ही काढल्यात.

सुरुवात ब्रेडपासून करा. खरं तर शनिवारपासून करा. हा पदार्थ जगभर शिळ्या ब्रेडसाठीच जन्माला आला आहे. रोमन काळातल्या एका पाककृतीत ब्रेडचे तुकडे दुधात भिजवून, तळून, वर मध ओतायला सांगितलाय, अंड्याचा उल्लेखही नाही. स्पेनमध्ये ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात तोर्रिहास करतात, तीही कालच्या ब्रेडचीच. ताज्या ब्रेडचा गर ओलसर आणि लुसलुशीत असतो. मिश्रणात घातला की तो भसकन भिजतो, उचलताना मधोमध फाटतो आणि आतून गिळगिळीत राहतो. मग तो खरपूस करायला आपण बटर वाढवतो. शिळा ब्रेड मिश्रण पितो, पण आकार सोडत नाही. इतर वेळी ब्रेड फ्रिजमध्ये ठेवू नये, लवकर शिळा होतो असं म्हणतात. इथं आपल्याला तेच हवंय. शनिवारी रात्री आठ स्लाइस फ्रिजमध्ये ताटलीत उघड्या ठेवा. पावसाळ्यात डोंबिवलीच्या हवेत ओट्यावर ठेवाल तर ब्रेड वाळण्याआधी त्यावर बुरशी धरेल, ते करू नका. विसरलात तर सकाळी कोरड्या तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजू एकेक मिनिट शेका. रंग यायला नको, फक्त वरचा ओलावा जाऊ द्या.

ब्राउन ब्रेडचं पाकीट उलटं करून वाचलंत का? मागच्या बाजूला घटकांची यादी असते आणि जे सगळ्यात जास्त ते सगळ्यात आधी लिहावं लागतं. पहिलं नाव ‘रिफाइंड व्हीट फ्लोअर’ असेल तर तो मैदा आहे, पुढे कितीही बिया टोचलेल्या असोत. यादीत खाली कॅरॅमल किंवा १५० या आकड्याचा रंग दिसला की तपकिरी रंग कुठून आला तेही कळतं. ‘मल्टिग्रेन’ नावाच्या ब्रेडमध्येही बऱ्याचदा मैदा पहिला आणि धान्यं चिमूटभर. ‘होल व्हीट फ्लोअर’ किंवा आटा पहिला असेल तो घ्या. त्याच्या एका स्लाइसमधून दोनेक ग्रॅम तंतू, म्हणजे फायबर, मिळतात, पांढऱ्यातून एक ग्रॅमही नाही. गव्हाचा ब्रेड जरा घट्ट असतो, त्याला भिजायला थोडा वेळ जास्त द्या. कॅलरी मात्र दोन्हींच्या सारख्याच, तेव्हा ब्राउन आहे म्हणून चार खाल्ल्या तर चालतील अशी समजूत नको. कॅफेत मिळतो तो जाडजूड, ढगासारखा फ्रेंच टोस्ट बहुतेक ब्रिओशचा असतो. त्या ब्रेडच्या पिठातच भरपूर बटर आणि अंडी असतात. तो घरी हलका करायच्या भानगडीत पडू नका. वर्षातून एकदा कॅफेत जाऊन सुखानं खा.

मिश्रणाचं प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे: दोन स्लाइसना एक अंडं आणि दोन मोठे चमचे दूध. आठ स्लाइसना चार अंडी आणि अर्धा कप दूध. तुम्ही कपभर घेत होता, ते जास्तच होतं. जास्तीचं दूध म्हणजे आत न शिजणारा ओला पट्टा. दूध कुठलं, याचा विचार करायची फार गरज नाही. मलईच्या दुधात सहा टक्के स्निग्धांश, टोन्डमध्ये तीन. अर्ध्या कपाला फरक पडतो तीस-पस्तीस कॅलरींचा, तोही चौघांत मिळून. म्हणजे माणशी आठ. चहाला जे दूध आणता तेच वापरा. म्हशीचं असेल तर साय बाजूला काढा, एवढं पुरे.

यात साखर घालायची नाही. घाबरू नका, ती पुढे येते. चिमूटभर मीठ मात्र नक्की घाला, मिठानं गोड चव वर येते. दालचिनीची पूड पाव चमचा, किंवा जायफळ किसून थोडंसं, किंवा वेलची. या वासांची आपल्या नाकाला खिरीपासून आणि श्रीखंडापासून सवय आहे. वास आला की जीभ अर्धी गोडी स्वतःच लावून घेते. दालचिनी थेट दुधात टाकली तर गुठळ्या होऊन वर तरंगते, म्हणून ती आधी एका अंड्यात नीट फेटा, मग बाकीची अंडी, शेवटी दूध. व्हॅनिला इसेन्सचे दोन थेंब घातले तर अंड्याचा उग्र वास झाकला जातो. मुलांसाठी घालाच.

पसरट, उथळ भांड्यात एकेक स्लाइस वीस-तीस सेकंद एका बाजूनं, तेवढीच दुसऱ्या बाजूनं बुडवा. उचलून कडेवर क्षणभर निथळू द्या. सगळ्या एकदम भिजत टाकून गप्पा मारायला जाऊ नका.

आता तवा, जिथं खरी लढाई आहे. बिडाचा मुरलेला तवा असेल तर उत्तम, निर्लेप असेल तर सोपं. मध्यम आचेवर आधी तवा तापवा. पाण्याचा थेंब टाकला की चुर्र होऊन दोन-तीन सेकंदांत विरला पाहिजे. गार तव्यावर तूप टाकून वर ब्रेड ठेवला की ब्रेड तापायच्या आधी ते तूप पिऊन टाकतो, मग आपण आणखी घालतो. तुमची वडी अशीच संपायची. तेल किंवा तूप प्रत्येक स्लाइसला अर्धा छोटा चमचा, दोन्ही बाजू मिळून. ओतायचं नाही, ब्रशनं किंवा स्वच्छ फडक्याच्या बोळ्यानं तव्यावर पुसायचं. डोशाला वापरतो तो अर्धा कांदा इथं नको, गोड टोस्टला कांद्याचा वास लागेल. तिखट करताना मात्र खुशाल वापरा. भाजायला बटर नकोच, कारण त्यातला दुधाचा अंश लवकर करपतो, मग आच कमी करावी लागते आणि टोस्ट ओला राहतो. बटरची चव हवी असेल तर ती शेवटी, उतरवल्यावर, गरम स्लाइसवर पाव चमचा फिरवा. जिभेला पहिला स्पर्श त्याचाच होतो, त्यामुळे तेवढं बटरही भरपूर वाटतं. तव्यात जळून गेलेल्या बटरची चव कुणालाच कळत नाही.

पहिली बाजू दोन-अडीच मिनिटं, झाकण न ठेवता. उलथनं घालून बघा, स्लाइस आपणहून सुटली पाहिजे. ओढावी लागत असेल तर अजून वेळ आहे. उलटली की बाजूनं चिमूटभर तूप पुसा, आच मंद करा आणि झाकण ठेवा. दोन मिनिटं. आतल्या वाफेनं मधला भाग शिजून थोडा फुगतो, आणि हे काम आजवर तुमचं बटर करत होतं. मग झाकण काढून अर्धा मिनिट वरची वाफ जाऊ द्या, नाहीतर टोस्ट घामेजलेला लागतो. उलथन्याच्या पाठीनं मध्यभागी हलकं दाबा. ओलं अंडं बाहेर आलं तर अजून एक मिनिट. घरात मुलं आहेत, अंडं आत कच्चट राहू देऊ नका.

आणि आता साखर. झाकण काढल्यावर प्रत्येक स्लाइसच्या वरच्या बाजूवर पाव छोटा चमचा साखर सारखी भुरभुरा, स्लाइस पुन्हा उलटा आणि वीस सेकंदांत काढा. साखर वितळून तिचा पातळ, कुरकुरीत, किंचित कडसर गोड पापुद्रा होतो. आठ स्लाइसना मिळून दोन छोटे चमचे लागले. तुमच्या आधीच्या पाव कपात असे बारा चमचे होते आणि ते ब्रेडच्या पोटात जाऊन बसल्यामुळे त्यांची गोडीही नीट लागत नव्हती. हीच साखर वरच्या थरात असली की पहिल्या घासाला समोर येते. वीस सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नका, करपते आणि तवा घासत बसावं लागतं.

वर काय घालायचं, हा तुमचा मेपल सिरपचा प्रश्न. मध, मेपल, काकवी, गुळाची पावडर, खजुराचं सिरप, यातलं कुठलंही ‘नैसर्गिक’ म्हणून वेगळ्या हिशेबात बसत नाही. ती सगळी साखरच. मोठ्या चमच्याला मधाच्या साठेक कॅलरी, मेपलच्या पन्नासेक, फरक एवढाच. पण मेपलला वास छान असतो आणि पातळ असल्यामुळे थोडं पुष्कळ पसरतं. बहिणीनं इतक्या लांबून आणलंय तर वापरा, फक्त बाटली टेबलावर आणू नका. प्रत्येकाच्या ताटात एक छोटा चमचा, मोजून, आणि त्या दिवशी वरची साखर रद्द. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवा. अस्सल मेपल सिरपला बाहेर बुरशी येते.

ताटात भर घालायची ती फळांची. टोस्ट उतरल्यावर त्याच तव्यावर केळ्याच्या चकत्या कोरड्याच ठेवा, दोन मिनिटांत कडा तांबूस होतात आणि केळं मधाइतकं गोड लागतं. थंडीत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, मे महिन्यात आंब्याच्या फोडी, मधल्या काळात संत्र्याच्या सोललेल्या फोडी किंवा दालचिनी घालून दोन चमचे पाण्यात शिजवलेलं सफरचंद. आंबट फळ असेल तर वर घरच्या दह्याचा चक्का एक चमचा. चक्का म्हणतेय, श्रीखंड नव्हे. आणि मुठीतून सोडलेलं थोडं दाण्याचं कूट. आपल्या स्वयंपाकघरात ते कायम असतं आणि इथं त्याची कल्पना कुणाला सुचत नाही. कुरकुरीतपणा येतो, प्रथिनं येतात, आणि मुलांना ते पीनट बटरसारखं लागतं.

दाण्याचं कूट सोडून या सगळ्याची बेरीज केली तर ब्रेड आणि अंडी तीच, दुधाच्या सत्तरेक, साखरेच्या चाळीस, तुपाच्या १७०, दोन केळ्यांच्या २०० आणि चक्क्याच्या सत्तरेक. चौदाशेच्या थोडं वर, माणशी साडेतीनशे. तुमच्या सव्वासहाशेपासून बरंच खाली आलो, आणि ताटात काही कमी दिसत नाही. हे आकडे अंदाजाचे आहेत, स्लाइसच्या जाडीनुसार थोडे इकडेतिकडे होतील.

पण तुम्ही मला मनातलं विचाराल तर २१२वाल्या माणसानं तिखट फ्रेंच टोस्टशी मैत्री करावी. साखरेचा प्रश्नच मिटतो. चार अंड्यांना एक मध्यम कांदा अगदी बारीक, दोन हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर, चिमूट हळद, मिरपूड, मीठ. दूध इथं चार चमचे पुरे. कांदा मिश्रणात फार आधी घालू नका, मिठानं पाणी सुटतं. स्लाइस बुडवून तव्यावर ठेवली की भांड्याच्या तळाशी राहिलेला कांदा-कोथिंबीर चमच्यानं तिच्यावर पसरा आणि थापून बसवा, मग उलटताना गळून पडत नाही. बाकी आच, झाकण, वेळ तेच. सोबत हिरवी चटणी आणि टोमॅटोच्या चकत्या. केचप टाळा. त्याच्या एका मोठ्या चमच्यात जवळजवळ एक छोटा चमचा साखर असते, आणि आपण एका चमच्यावर थांबत नाही.

तुमच्या आईंसाठी बेसन. चार मोठे चमचे बेसन, लागेल तेवढं पाणी, एक चमचा दही, ओवा, हळद, तिखट, मीठ आणि वरचाच कांदा-कोथिंबीरीचा मसाला. धिरड्याच्या पिठापेक्षा किंचित पातळ. दोन स्लाइसना पुरतं. बेसन कच्चं लागू नये म्हणून मंद आचेवर जरा जास्त वेळ, झाकण ठेवून. गोड हवं असेल तर पिकलेलं केळं अर्धं घेऊन, कुस्करून त्यात पाव कप दूध, एक चमचा तांदळाची पिठी आणि वेलची. यात साखर अजिबात लागत नाही, पण केळं लवकर करपतं, तवा सोडून जाऊ नका. बिनअंड्याच्या बऱ्याच कृतींमध्ये कस्टर्ड पावडर घालतात. ती म्हणजे मक्याची पिठी, रंग आणि वास. त्यातून आईंना प्रथिन काही मिळत नाही. आणि त्यांचा टोस्ट सगळ्यात आधी करा, तवा, उलथनं आणि भांडं अंड्याचं व्हायच्या आत. अंडं न खाणाऱ्या माणसाला शेवटी वाढून ‘तवा पुसलाय’ सांगितलेलं आवडत नाही, तो बोलून दाखवत नाही एवढंच.

एअर फ्रायर केवळ यासाठी घेऊ नका. त्यात वाचतो तो स्लाइसमागे अर्धा चमचा तूप, वीस कॅलरी. घरात असेल तर १८० अंशांवर आठ-दहा मिनिटं, मध्ये एकदा उलटून. खाली तेलाचा हात फिरवलेला कागद नक्की ठेवा, नाहीतर जाळीत अंडं अडकतं. टोस्ट जरा कोरडा होतो, तव्यासारखी खरपूस कड येत नाही.

मुलांना ‘आजपासून हेल्दी’ असं जाहीर करू नका. या शब्दानंतर त्या घासाला चव उरत नाही. पहिल्या रविवारी फक्त मध टेबलावरून उचला आणि भाजलेलं केळं आणा. पुढच्या रविवारी मिश्रणातली साखर काढून वर भुरभुरा. ब्रेड त्यानंतर बदला. वहिनींना मात्र आधी सगळं सांगा, बंदी त्यांनी घातली आहे. तुपाची वाटी त्यांच्या हातात द्या आणि चमचे त्यांनाच मोजू द्या.

माणशी दोन स्लाइस. तिसरी मागितली तर फळं पुढे करा. आणि मिश्रण उरलं तर ते दुपारसाठी ओट्यावर ठेवू नका, उन्हाळ्यात अंडं-दूध लवकर बिघडतं. तव्यावर ओतून त्याचं छोटं ऑम्लेट करा, किंवा कालची एखादी पोळी असेल तर तिचे चार तुकडे त्यात बुडवून अशाच भाजा. त्या पोळीला कांदा-मिरची जास्त शोभते.